तोंडाचे धोटे

कर्ज काढलं दिल्लीने. त्या कर्जापायी घोडपदेवच्या आनंदाच्या पोटावर पाय कसा आला, ते ऐका. वरची माणसं म्हणतात, देश अडचणीत आहे, जरा पोटाला चिमटा घ्या. घ्या ना! पण चिमटा घ्यायची वेळ आली की यांना स्वतःचं पोट सापडत नाही, बरोबर दुसऱ्याचंच सापडतं.

साल अठ्ठावन्न. देशाची डॉलर-पौंडांची तिजोरी रिकामी झाली होती. बाहेरून यंत्रं आणायची होती, धान्य आणायचं होतं, आणि गाठीला दमडी नाही. सरकारने परदेशी बँकांपुढे हात पसरला. ते म्हणाले, देतो की, पण आधी घर आवरा. बाहेरून आणायचं कमी करा आणि बाहेर विकायचं वाढवा. सावकार तो सावकारच, त्याने टाय बांधला म्हणून काय झालं! दिल्लीने मान डोलावली. मग दिल्लीने गिरणीमालकांना सांगितलं, आयातीचे परवाने बंद. मालकाने मास्तरला, खात्याच्या साहेबाला, सांगितलं आणि मास्तरने आनंदाच्या लालबागच्या गिरणीत साळखात्याच्या दारावर नोटीस चिकटवली.

साळखातं म्हणजे जिथे मागावर कापड विणतात ते खातं. गिरणीत पगार तिथे जास्त आणि ऐटही तिथलीच जास्त. आनंदा तिथे दोन मागांवर काम करायचा, पहिल्या पाळीत. तेच दोन माग दुसऱ्या पाळीत दत्ताराम चालवायचा. दत्ताराम मूळ मालवणकडचा, राहायला लालबागेत, आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. युनियनमध्ये तो पुढे, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात तो पुढे. नोटीस त्यानेच मोठ्याने वाचून दाखवली. परकीय चलन वाचवणे हे राष्ट्रकार्य असून, परदेशी सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत. विलायती धोटे मोडतील तसे काढून घेतले जातील आणि त्या जागी गोदामातले जुने धोटे द्यावे लागतील.

"म्हणजे पुन्हा तोंडाचे धोटे," शामराव म्हणाला. शामराव आनंदाच्या शेजारच्या मागांवरचा म्हातारा विणकर. हे बोलताना त्याने नोटिशीकडे नव्हे, आनंदाकडे पाहिलं.

आनंदाकडेच का, ते कळायला धोटा काय असतो ते सांगायला हवं. मागात इकडून तिकडे धावतो तो लाकडाचा लांबट तुकडा म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं सूत धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. काढायचं कसं? भोकाला ओठ लावायचे आणि सुर्रकन ओढायचं. पाळीभर हेच चालतं. एक पाळी सुटली की दुसऱ्या पाळीचा माणूस येतो आणि त्याच धोट्याच्या त्याच भोकाला तोंड लावतो. कुणाला त्यात काही वाटत नसे. पण ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांचे ओठ त्या भोकाला कसे चालणार? म्हणून आनंदाच्या माणसांना गिरणीत सूत कातायला घेत, झाडायला घेत, गाठी उचलायला घेत. साळखात्याच्या दारातून मात्र आत घेत नसत. आनंदाचा बाप कताईखात्यातच खोकत खोकत संपला.

मग चार-पाच वर्षांमागे विलायतेहून नवे धोटे आले. त्यांना वरून खाच होती, बोटाने सूत सरकवलं की काम झालं. कामगारांनी त्यांना नाव दिलं बोटाचे धोटे. तोंडाचा प्रश्न मिटला, तसं दार थोडं किलकिलं झालं. दत्तारामने युनियनमध्ये टेबलावर मूठ आपटून आनंदाला आत आणला, स्वतः शेजारी उभं राहून माग शिकवला. फ्लोरा फाउंटनच्या मोर्च्यात दोघांनी एकाच लाठीहल्ल्यात मार खाल्ला आणि चौकीच्या कोठडीत रात्र काढली. दत्ताराम त्याला "भावा" म्हणायचा. आनंदाला ते खरं वाटायचं. का वाटू नये?

आता बोटाचे धोटे जाणार होते. आनंदाच्या आयुष्यात कुणी उघडलेलं दार एवढं एकच, आणि ते आता दिल्लीच्या उधारीपायी बंद व्हायची वेळ आली होती.

पाहता पाहता विलायती धोटे मोडले आणि जुने आले. गोदामात उंदरांनी कुरतडलेले, धुळीने काळे पडलेले. वाटून झाले तेव्हा राजाराम जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, डोकं खाजवत उभा राहिला. विणकरांनी त्याला घेरलं होतं.

"आम्ही काही जातबीत मानत नाही हां," शामराव म्हणाला. "तो जमाना गेला. पण आरोग्याचा प्रश्न आहे. टीबी किती पसरलाय बघताय ना?"

"मग सगळ्यांच्या छातीचा फोटो काढा," आनंदा म्हणाला. "माझा पहिला काढा. पण शामराव, तुमचाही काढा. सकाळपासून खोकताय तुम्ही."

"बघा, बघा! कशी जीभ चालते!" शामराव भडकला. "आम्ही यांना आत घेतलं, आणि हे आमचेच फोटो काढायला निघाले."

खरी गोष्ट वेगळीच होती. शामरावचा मेहुणा महिनोन् महिने बदली कामगार म्हणून गेटवर उभा राहत होता. एखादा माग मोकळा झाला तर त्याची सोय लागणार होती. ते कुणी बोलत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

राजारामने मधला मार्ग काढला. गाठींवर नंबर घालायचा लाल रंग आणला आणि दोन धोट्यांच्या पाठीवर पट्टे ओढले. हे दोन आनंदाचे. दत्तारामचे दोन वेगळे, बिनरंगाचे. पाळी बदलली की ज्याने त्याने आपले धोटे मागात घालायचे, दुसऱ्याचे खिडकीच्या कोनाड्यात ठेवायचे. बाकीच्या कुठल्याच मागावर अशी भानगड नव्हती.

"जमवून घे रे," राजाराम म्हणाला. "देशाला जमवून घ्यावं लागतंय, मालकाला लागतंय, तुलाच काय सोनं लागलंय?"

आनंदाने लाल पट्ट्यांकडे पाहिलं. चाळीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. दीक्षा घेतली त्याला दोन वर्षं होत आली होती. आणि इथे राजाराम त्याच्या तोंडाला रंग लावत होता. पण माग हातचा जायला नको होता. त्याने धोटे घेतले.

दत्तारामने त्याला बाजूला नेलं. "मनाक लावून घेव नको. धा-पंधरा दिवसांची गोष्ट. आपण हे धोटेच हाणून पाडू. परदेशी सावकारांनी आपल्या तोंडात घातलेले धोटे! बघ तू, मी गेटवर कसो बोलतंय ता." आणि खरंच, त्या दिवसापासून दत्तारामला भाषणाला नवा विषय मिळाला.

पण रंगाच्या पट्ट्याने भागलं नाही. साळखात्याची एक जुनी रीत आहे. माग सोडून जाता येत नाही, सूत तुटलं तर कापड बिघडतं. म्हणून पाणी प्यायला किंवा लघवीला जायचं झालं की विणकर शेजाऱ्याला सांगतो, "जरा बघ रे." शेजारी आपले दोन सांभाळत याचे दोन बघतो. कांडी संपली तर नवी घालतो, धोट्याला तोंड लावतो. रोजचं आहे ते, त्यात उपकार कसलाच नाही. आता आनंदा "जरा बघा" म्हणाला की शामराव भलतीकडे बघायचा. पलीकडचा लवू तोंडाने हसायचा आणि म्हणायचा, "लाल दिवा आहे बाबा, गाडी कशी जाणार?" सगळी ओळ हसायची.

मग आनंदाने पाणी पिणं सोडलं. सकाळी घरून निघतानाच काय तो घोट. मागांचा नि पट्ट्यांचा धडाका, हवेत उडणारा कापूस, घसा कोरडा ठाक, आणि त्याच कोरड्या तोंडाने दर थोड्या वेळाने सूत ओढायचं. एकदा राहवलं नाही म्हणून माग बंद करून नळावर धावला. परत आला तर मास्तर उभा. "तुझे माग सारखे उभे कसे? कापड बाहेरदेशी जायचंय, माहीत आहे ना?" शामराव आपल्या मागावर मान खाली घालून उभा होता, अगदी गरीब गाय.

घरी मालनने, त्याच्या बायकोने, त्याचे ओठ पाहिले. ती भायखळ्याच्या बाजारात भाजी निवडायला जायची, तोंडाची फटकळ पण मनाची पक्की.

"काय हो हे? ओठ फुटलेत नुसते."

"चालायचंच."

"चालायचंच काय? कताईत परत गेलात तर निदान पाणी तरी प्याल."

"कताईत माझा बाप गेला, मालन," आनंदा म्हणाला. "मी त्या खात्यात मरणार नाही. ते मला ढकलतायत ना, मग मी मुळीच जाणार नाही." तिने लोण्याचं बोट त्याच्या ओठांवर फिरवलं आणि शामरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आणि मग दत्तारामकडून एक चूक झाली.

त्या दिवशी दुपारी गेटवर तो बोलत होता. परदेशी कर्जाच्या अटी, मुंबईवर डोळा ठेवणारे शेठ, सगळ्यांना धू धू धुतलं. टाळ्या पडल्या. त्या नादात त्याला पाळीला उशीर झाला. आनंदा माग चालू ठेवून वाट बघत होता; दत्ताराम धावत आला, "जा जा, घेतलंय मी," म्हणाला आणि मागावर उभा राहिला. आनंदा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदा मागावर आला आणि थबकला. कोनाड्यात दत्तारामचे दोन धोटे होते तसेच पडलेले, त्यांच्यावर कापसाची मऊ साय चढलेली. त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. आणि मागात लाल पट्ट्यांचे दोन, अर्धी कांडी संपलेली, सूत भोकातून बाहेर आलेलं. तिसरी पाळी तर चालत नव्हती. म्हणजे आख्खी पाळी दत्तारामने त्याचेच धोटे चोखले होते, आणि भाषणाच्या धुंदीत त्याला पत्ताही नव्हता.

आनंदाला आधी हसू आलं. खूप दिवसांनी मनापासून हसू आलं. मग वाटलं, संपलं हे सगळं! दत्ताराम जिवंत आहे ना? त्याला काही झालं? आता शामरावाचं तोंड बंद.

दुपारी दत्ताराम आला तेव्हा आनंदाने त्याला कोनाडा दाखवला. दत्ताराम बघत राहिला. त्याचा हात आपसूक ओठांकडे गेला. तोंड पुसलं त्याने. आनंदाने ते पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"कुणी बघलान?" दत्तारामने हळूच विचारलं.

"मी."

"आणखी कुणी नाय ना? आनंदा, तुका हात जोडतंय, ह्या बोला नको कुणाकडे. घरात म्हातारी आसा. तिका कळला तर ती माझ्या हातचा पाणी घेवची नाय. बहिणीचा लगीन ठरतासा. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचेत? तू चांगला धडधाकट उभा आहेस. हेच सांग ना त्यांना. परवा गेटवर सभा आहे, त्यात सांग. म्हण, मी आनंदाच्या धोट्यावर पाळीभर काम केलं, मला काही झालं नाही, चला, पट्टे पुसा. तू बोललास की शामरावची हिंमत होईल का? मी बोललो तर म्हणतील खोटं बोलतो, तुला बाटवायला निघाला. तूच बोलायला हवंस."

दत्ताराम आपल्या धोट्यांवरचा कापूस झटकायला लागला.

"भावा म्हणतोस ना मला?" आनंदा म्हणाला.

"बोलतंय," दत्ताराम शेवटी म्हणाला. "सभेत बोलतंय. आता जा तू."

शब्द दिला त्याने. आनंदा त्या संध्याकाळी घोडपदेवपर्यंत जवळजवळ पळतच गेला. मालनला सांगितलं, माग राहणार. मालन म्हणाली, "त्याने बोलू दे आधी." तिचा पुरुषांच्या शब्दावरचा विश्वास बाजारात कधीच विकला गेला होता.

सभेला गेटवर तुडुंब गर्दी. परदेशी बँकेचे पाहुणे शनिवारी गिरणी बघायला येणार अशी बातमी होती, त्यामुळे माणसं तापलेली. आनंदा अगदी पुढे उभा. दत्ताराम खुर्चीवर चढला, गळ्यातला रुमाल सावरला आणि सुरू झाला. काय बोलला तो, वा! आज आपला देश परक्याच्या दारात उभा आहे. आज आपल्या मागावर कुठला धोटा चालावा ते साता समुद्रापलीकडचा साहेब ठरवतो. उद्या आपल्या घरात कुठला तवा चढावा तेही तोच ठरवेल. मुंबई आमची, गिरणी आमची, घाम आमचा, आणि अटी तुमच्या? नाही चालणार! कामगार सगळा एक आहे. कामगाराला जात नाही, कामगाराला पंथ नाही!

आता बोलेल. आता. दत्तारामची नजर गर्दीवरून फिरत फिरत आनंदावर आली, क्षणभर थांबली, आणि पुढे गेली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हणून त्याने मूठ वर केली. हजार मुठी वर गेल्या. खुर्चीवरून उतरायला लागला तसा शामराव पुढे आला.

"दत्ताराम, तेवढा धोट्याचा विषय पण मिटवून टाक. मास्तर पण कंटाळलाय. आनंदाने सोमवारपासून कताईत जावं, त्याचा पगार एकदम तोडू नये, एवढी मागणी आपण करू. सगळ्यांच्या संमतीने. कुणाचं वाईट नको."

"बरोबर, बरोबर," ओळीतले म्हणाले. "पसंत असेल त्याने हात वर."

हात वर गेले. आनंदा दत्तारामकडे बघत होता. बोल. एक वाक्य बोल, मेल्या! दत्तारामने हात वर केला नाही. खालीही बघितलं नाही. त्याने खिशातून विडी काढली आणि ती पेटवण्यात गुंग झाला. विडी ओली असावी, काडीवर काडी विझत होती.

आनंदा गर्दीतून बाहेर पडला. कुणीतरी पाठीवर थाप मारली, "चांगलंच झालं रे तुझं, धूळ तिथे पण आणि इथे पण." त्याने तो हात झटकला. घरी जेवला नाही. मालनने विचारलं नाही, फक्त म्हणाली, "बोलला नाही ना?" आणि ताट झाकून ठेवलं. आनंदा भिंतीला टेकून बसला होता. त्याला रडायला येत होतं आणि रडू येतंय याचा संताप येत होता. शामरावाचं काही नाही. तो साप, त्याचा दंश ठरलेलाच. पण दत्ताराम! ज्याच्याबरोबर मार खाल्ला, ज्याने बोट धरून माग शिकवला, त्याने ओल्या विडीसाठी त्याला विकला.

शनिवारी गिरणी झाडूनपुसून लख्ख. मास्तर सकाळपासून ओळीओळीतून फिरत होता. पाहुणे दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला येणार, म्हणून शामराव नि लवूसारख्या जुन्या हातांना त्या दिवशी दुसऱ्या पाळीलाही थांबवून घेतलं होतं. राजाराम जॉबर घसा ताणून सांगत होता, "एकही माग उभा दिसता कामा नये! उभा दिसला तर त्या माणसाची पाळी शेवटची समजा! बाहेरची ऑर्डर अवलंबून आहे!"

आनंदा शांतपणे काम करत होता. सोमवारपासून हे माग त्याचे नव्हते. पाळी संपत आली, तसा त्याने फुटक्या बाटलीचा एक तुकडा काढला. सुतार लाकूड तासतात तशी त्याने लाल पट्ट्याची पाठ तासली. रंग भुग्यासारखा गळून पडला. दुसरा धोटा तासला. मग कोनाड्यातले दत्तारामचे दोन घेतले, तेही तासले. तेलाच्या फडक्याने चौघांना पुसलं. आता कुठला कुणाचा ते बनवणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. दोन्ही माग बंद केले आणि चारही धोटे मागावर ओळीने मांडले. शामराव बघत होता.

"काय चाललंय रे?"

"साफसफाई," आनंदा म्हणाला. "पाहुणे यायचेत."

भोंगा झाला. दत्ताराम आला. आज त्याने धुतलेला सदरा घातला होता, पाहुण्यांना निवेदन द्यायचं होतं ना! मागासमोर आला आणि धोट्यांकडे बघत उभा राहिला. एक उचलला, उलटा केला. दुसरा उचलला.

"पट्टे खंय?"

"गेले."

"आनंदा..." त्याने आवाज खाली आणला. "यातलो तुजो खंयचो?"

"पाळीभर तोंडात धरून तुला कळला नाही, मी कसा सांगू?"

हे आनंदाने मोठ्याने म्हटलं. ओळीतले काही माग चालू व्हायचे होते, त्यामुळे ते ऐकू गेलं. लवूचं हसू थांबलं. शामराव मान वळवून दत्तारामकडे बघायला लागला. दत्ताराम काळाठिक्कर पडला.

"राजारामदादा, दुसरे धोटे द्या," तो ओरडला.

राजाराम धावत आला. "दुसरे? कुठून देऊ? गोदाम झाडून घेतलंय. देशात धोटे आहेत कुठे? परवानेच बंद आहेत, तूच नाही का नोटीस वाचलीस? चालव माग! आले बघ ते!"

खात्याच्या दारातून मास्तर आत आला, बरोबर चार पाहुणे. हॅटवाला एक उंच गोरा, बाकी दिल्लीचे आणि ऑफिसचे. कानांवर हात ठेवत, कापूस झटकत ते ओळीओळीतून येत होते. सगळे माग धडधडत होते. फक्त दत्तारामचे दोन उभे.

"चालव, दत्ताराम!" राजाराम दातओठ खात म्हणाला. "नाहीतर आजच घरी जा, आणि मी तुझ्या मागावर शामरावाचा मेहुणा उभा करतो!"

दत्तारामने आनंदाकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती, राग होता, सगळं होतं. आनंदा खिडकीला टेकून उभा होता, डबा हातात. त्याची पाळी संपली होती, तो जाऊ शकत होता. तो गेला नाही. कीव येतेय का, ते त्याने मनात चाचपून बघितलं. आली नाही.

पाहुणे मागाशी पोचले. दत्तारामने एक धोटा उचलला, कांडी बसवली. सदऱ्याच्या बाहीने भोक पुसलं, पुन्हा पुसलं. डोळे मिटले. ओठ लावले आणि ओढलं. मग दुसरा. माग सुरू झाले. उंच गोऱ्याने वाकून बघितलं, मास्तरला काहीतरी विचारलं. मास्तर हसत हसत समजावू लागला, बाहेरून आणायचे धोटे आम्ही कसे बंद केले, जुन्यावरच कसं भागवतो, कामगारांनी कसं आनंदाने जमवून घेतलं. गोरा मान डोलावत होता. त्याने दत्तारामच्या खांद्यावर थाप मारली. दत्तारामच्या खिशातलं निवेदन खिशातच राहिलं.

ते पुढे गेले तेव्हा दत्तारामला तोंड धुवायला नळावर जायचं होतं. "शामराव, जरा बघा," तो म्हणाला. शामरावने मान भलतीकडे वळवली.

सोमवारी शामराव राजारामकडे गेला आणि म्हणाला, आता दोघांनाही हलवा, दोन्ही तोंडं सारखीच झाली. राजारामने ते मास्तरकडे नेलं. मास्तर खेकसला. बाहेरची ऑर्डर आली होती, पाहुण्यांनी त्याच ओळीचं कापड पसंत केलं होतं; एकाही मागावरचा माणूस बदलायचा नाही, शामरावचा मेहुणा गेला खड्ड्यात. ऑर्डर संपेपर्यंत कुणाच्या तोंडाला काय लागतं ते मला ऐकवू नका. देशाच्या नडीने आनंदाचा माग काढला होता, देशाच्या नडीनेच तो ठेवला. न्यायबियाचा त्यात काही संबंध नव्हता. आनंदाने राजारामला तोंडावर सांगितलं, "मी कताईत जात नाही," आणि राजाराम "नको जाऊस बाबा" म्हणाला.

दत्ताराम आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. पाळी बदलताना येऊन उभा राहायचा, आनंदा बाजूला व्हायचा, तो धोट्याला तोंड लावायचा. त्याच्याशीही आता ओळीतलं कुणी बोलत नव्हतं. त्याचेही ओठ फुटले होते, गेटवरच्या खुर्चीवर आता शामराव चढायचा.

शेवटी एका दुपारी दत्तारामच्याने राहवलं नाही. माग चालू करण्याआधी तो वळला.

"एवढा वैर धरलंस? मी सभेत तुका असा काय बोललंय?"

आनंदाने डब्याचं झाकण लावलं.

"काही नाही बोललास," तो म्हणाला. "म्हणूनच."

आणि तो नळावर जाऊन पोटभर पाणी प्यायला.